आतल्या गोलावरचा प्रभार कुठे जातो?

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कन्हान नदीच्या काठी मौदा हे तालुक्याचे गाव आहे. एका बाजूला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या बाजूला एनटीपीसीचे २३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र, असे इथले दृश्य. केंद्रातून निघालेल्या उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे शेतांवरून दूरवर गेलेले दिसतात. त्यामुळे 'व्होल्ट' आणि 'अर्थिंग' हे शब्द इथल्या मुलांना पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक असतात. पण शब्द ठाऊक असणे आणि कल्पना समजणे यांत अंतर असते. ते किती असते, हे इथल्या काही शिक्षकांशी बोलताना आमच्या ध्यानात आले. आम्ही विचारलेला प्रश्न असा होता :

धातूचा १० सेंमी त्रिज्येचा एक गोल आहे. त्यावर १ नॅनोकूलॉम (म्हणजे कूलॉमचा अब्जावा भाग) एवढा धन प्रभार आहे. त्याच्याभोवती, त्याला न चिकटता, २० सेंमी त्रिज्येचे धातूचे पातळ पोकळ कवच आहे. दोघांचे केंद्र एकच. कवचावर २० नॅनोकूलॉम धन प्रभार आहे. आता कवचाला लहानसे भोक पाडून आतला गोल आणि कवच तारेने जोडले, तर प्रभार कुठून कुठे जाईल?

बहुतेकांचे उत्तर आले, "बाहेरून आत. बाहेर वीसपट प्रभार आहे ना!" एका शिक्षकांनी अधिक विचार करून सांगितले, की प्रभार त्रिज्यांच्या प्रमाणात वाटला जाईल, गोलावर ७ आणि कवचावर १४ नॅनोकूलॉम.

खरे उत्तर याच्या अगदी उलट आहे. आतल्या गोलावर जो काही १ नॅनोकूलॉम होता, तोही सगळाच्या सगळा बाहेर जातो. आतला गोल कोरा राहतो आणि कवचावर २१ नॅनोकूलॉम जमतात. बाहेर २० ऐवजी २००० नॅनोकूलॉम असते, तरीही हेच घडले असते. ज्याच्याजवळ थोडे आहे तोच सगळे देऊन टाकतो! असे का व्हावे, हे पाहू या.

प्रभार आणि विभव

दोन टाक्या नळीने जोडल्या, तर पाणी जास्त पाणी असलेल्या टाकीतून कमी पाणी असलेल्या टाकीत जाते, असे आपण म्हणत नाही. पाण्याची पातळी जिकडे उंच तिकडून ते वाहते. विहिरीत हजारो लिटर पाणी असले आणि गच्चीवरच्या बादलीत दहाच लिटर, तरी नळी जोडल्यावर बादलीच रिकामी होते. विजेच्या बाबतीत पाण्याच्या पातळीचे काम विभव करतो. धन प्रभार जास्त विभवाकडून कमी विभवाकडे जातो. (धातूत प्रत्यक्ष सरकतात ते इलेक्ट्रॉन आणि तेही उलट दिशेने, पण हिशेबात त्याने फरक पडत नाही.)

एखाद्या जागेचा विभव म्हणजे फार दुरून एक कूलॉम प्रभार तिथपर्यंत आणण्यासाठी करावे लागणारे कार्य. गोलावर प्रभार q असेल आणि त्याची त्रिज्या r असेल, तर एकट्या गोलाचा विभव kq/r. येथे k ची किंमत ९ × १०⁹. त्यानुसार १० सेंमी त्रिज्येच्या गोलावरचा १ नॅनोकूलॉम त्याला ९० व्होल्ट विभव देतो आणि २० सेंमी त्रिज्येच्या कवचावरचे २० नॅनोकूलॉम त्याला ९०० व्होल्ट देतात.

हे दोघे एकमेकांपासून खूप दूर ठेवून लांब तारेने जोडले, तर ९०० व्होल्टकडून ९० व्होल्टकडे, म्हणजे कवचाकडून गोलाकडे प्रभार जाईल. शेवटी दोघांचा विभव ६३० व्होल्ट होईल आणि प्रभार ७ व १४ असे वाटले जातील. म्हणजे त्या शिक्षकांचे उत्तर चुकीचे नव्हते, ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. गोल तेच, प्रभार तेच. फक्त एक दुसऱ्याच्या पोटात ठेवला आणि उत्तर उलटले.

पोटात ठेवल्यावर काय बदलते?

पोकळ गोलाच्या पृष्ठभागावर सारख्या प्रमाणात पसरलेला प्रभार गोलाच्या आत कोठेही बल लावत नाही. आतला कोणताही बिंदू घ्या. त्या बिंदूपासून विरुद्ध दिशांना दोन सारखे निमुळते शंकू काढा. दोन्ही शंकू कवचाचा एकेक तुकडा कापतील. एक तुकडा जवळ असेल तर तो लहान, दूरचा तुकडा मोठा. दुप्पट अंतरावरच्या तुकड्याचे क्षेत्रफळ चौपट, म्हणून त्यावरचा प्रभार चौपट. पण दुप्पट अंतरामुळे बल एकचतुर्थांश. दोन्ही तुकड्यांची बले सारखी आणि विरुद्ध. सगळे कवच अशा जोड्यांत विभागता येते. म्हणून आत एकूण बल शून्य.

पण बल शून्य म्हणजे विभव शून्य नव्हे. दुरून कवचापर्यंत येताना जे कार्य करावे लागले ते लागलेच. कवचाच्या आत शिरल्यावर कवचावरच्या प्रभारासाठी आणखी कार्य लागत नाही, एवढेच. म्हणून कवचाचा प्रभार जेवढा विभव स्वतःला देतो, तेवढाच तो आतल्या प्रत्येक बिंदूला देतो. आता आपल्या प्रश्नाचा हिशेब करू.

कवचाचा विभव : स्वतःच्या २० नॅनोकूलॉममुळे ९०० व्होल्ट आणि आतल्या १ नॅनोकूलॉममुळे (अंतर २० सेंमी) ४५ व्होल्ट. एकूण ९४५ व्होल्ट.

आतल्या गोलाचा विभव : कवचामुळे ९०० व्होल्ट आणि स्वतःच्या प्रभारामुळे (त्रिज्या १० सेंमी) ९० व्होल्ट. एकूण ९९० व्होल्ट.

फरक ४५ व्होल्ट आणि आतला गोल वरचढ. कवचावर २००० नॅनोकूलॉम ठेवले, तर हे आकडे ९०,०४५ आणि ९०,०९० होतील. फरक पुन्हा ४५ व्होल्टच! कवचाचा प्रभार दोन्ही विभवांना सारखाच उचलतो, त्यामुळे फरकात तो दिसतच नाही. फरक ठरतो तो केवळ आतल्या गोलाच्या प्रभारावरून. तो प्रभार शेवटच्या कणापर्यंत बाहेर गेल्याशिवाय फरक शून्य होणार नाही.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे. तिथल्या घराच्या छपरावर पडलेला पाऊस मात्र छपरावरून अंगणातच उतरतो. अंगण आधीच किती उंचावर आहे, याची पाण्याला पर्वा नसते. कवचाचा प्रभार म्हणजे ते पठार आणि आतल्या गोलाचा प्रभार म्हणजे पठारावरचे छप्पर.

कॅव्हेंडिशचे दोन गोल

हे केवळ कागदावरचे गणित नाही. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने १७७३ साली नेमका हा प्रयोग केला. सुमारे एक फूट व्यासाचा गोल त्याने दोन पोकळ अर्धगोलांच्या आत बसवला, बारीक तारेने दोघांना जोडले आणि बाहेरच्या कवचाला प्रभार दिला. मग रेशमी दोऱ्याने तार काढून घेतली, अर्धगोल बाजूला केले आणि आतला गोल तपासला. त्यावर प्रभार सापडला नाही.

यातून कॅव्हेंडिशने जे अनुमान काढले ते फार मोलाचे आहे. वरचा शंकूंचा युक्तिवाद पाहा. क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढते आणि बल अंतराच्या वर्गाने घटते, म्हणूनच जोड्या जुळल्या. बलाच्या नियमात २ या घातांकाऐवजी थोडा वेगळा आकडा असता, तर आतल्या गोलावर थोडा प्रभार उरला असता. आपल्या उपकरणाच्या अचूकतेवरून त्याने सांगितले, की हा घातांक २ पेक्षा फार तर १/५० ने वेगळा असू शकेल. कूलॉमने आपला नियम १७८५ मध्ये मांडला. म्हणजे कॅव्हेंडिशला तो बारा वर्षे आधी गवसला होता. पण त्याने तो प्रसिद्धच केला नाही. मॅक्सवेलने १८७९ मध्ये त्याची टिपणे छापली तेव्हा जगाला हे कळले. मॅक्सवेलच्या काळात हाच प्रयोग पुन्हा केला गेला आणि १/५० ची मर्यादा १/२१,६०० पर्यंत आली. १९७१ मध्ये अमेरिकेत विल्यम्स, फॉलर आणि हिल यांनी एकात एक ठेवलेली धातूची कवचे वापरूनच ती १०¹⁶ मध्ये काही भाग इतकी खाली नेली. दोन गोलांचे हे साधे गणित भौतिकीतल्या एका मूलभूत नियमाची कसोटी आहे, ते असे.

मुंबईतील लाखो व्होल्ट

आतला प्रभार नेहमी बाहेर जातो, तर मग याचा उपयोग करून कवचाचा विभव हवा तेवढा वाढवता येईल का? ही युक्ती रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ याने १९२९ मध्ये प्रत्यक्षात आणली. विद्युतरोधी पट्ट्यावर प्रभार टाकायचा, पट्टा फिरवून तो पोकळ धातूच्या घुमटाच्या आत न्यायचा आणि तिथे तो आतल्या बाजूने घुमटाला द्यायचा. घुमट आधीच लाखो व्होल्टवर असला, तरी आत पोचलेला प्रभार निमूटपणे त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जातो. प्रभाराला घुमटापर्यंत वर ढकलण्याचे कष्ट पट्टा फिरवणारी मोटर करते. ऊर्जा फुकट मिळत नाही.

ट्रॉम्बे येथे १९६०च्या दशकात असे ५५ लाख व्होल्टचे यंत्र बसवले गेले. अणुकेंद्रांच्या अभ्यासासाठी प्रोटॉनसारख्या कणांना वेग देण्याचे काम त्याने अनेक वर्षे केले. पुढे कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने, १४० लाख व्होल्टचे पेलेट्रॉन हे यंत्र उभे राहिले. ते १९८८ मध्ये सुरू झाले. त्यात पट्ट्याऐवजी धातूच्या गोळ्यांची साखळी असते.

मग विभव अमर्याद का वाढत नाही? कारण हवा फाटते. दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टपेक्षा जास्त विद्युतक्षेत्र झाले, की कोरडी हवाही रोधक राहत नाही आणि ठिणगी पडते. गोलाच्या पृष्ठभागावरचे क्षेत्र म्हणजे विभव भागिले त्रिज्या. म्हणून मोठा घुमट हवा. शिवाय अशा यंत्रांभोवती जमिनीला जोडलेली धातूची टाकी असते, म्हणजे पुन्हा एकात एक दोन वाहक! टाकीची त्रिज्या b ठरलेली असेल, तर आतला गोल केवढा असावा? फार लहान असेल तर त्याच्या पृष्ठभागावर क्षेत्र वाढते. फार मोठा असेल तर टाकीची भिंत जवळ येते. गणित सांगते, की आतली त्रिज्या b च्या निम्मी असावी आणि तेव्हा मिळणारा सर्वांत मोठा विभव हवेच्या मर्यादेच्या b/४ पट असतो. साध्या हवेत १४० लाख व्होल्टसाठी त्या हिशेबाने जवळजवळ १९ मीटर त्रिज्येची टाकी लागेल! म्हणून पेलेट्रॉनच्या टाकीत हवेऐवजी सल्फर हेक्साफ्लोराइड हा अधिक रोधक वायू दाबाखाली भरलेला असतो.

शून्य विभव म्हणजे शून्य प्रभार?

आता अर्थिंगकडे वळू. आपल्या मूळ प्रश्नातला आतला गोल, तारेने कवचाला न जोडता, भोकातून रोधक वेष्टनाची तार घालून जमिनीला जोडला, तर? "त्याचा प्रभार शून्य होईल," असे उत्तर बहुधा मिळते. पण जमिनीला जोडल्याने विभव शून्य होतो, प्रभार नव्हे. कवचावरचे २० नॅनोकूलॉम आतल्या गोलाला ९०० व्होल्ट देतच आहेत. ते फेडण्यासाठी गोलावर उणे ९०० व्होल्ट देणारा प्रभार हवा, म्हणजे उणे १० नॅनोकूलॉम. गोलावर शेवटी तेवढा ऋण प्रभार होईपर्यंत तो जमिनीतून तारेवाटे येत राहतो. विभव शून्य, पण प्रभार पूर्वीपेक्षा दहापट!

वाहकाचा विभव केवळ त्याच्या स्वतःच्या प्रभाराने ठरत नाही. शेजाऱ्यांचे प्रभारही तो ठरवतात. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या पायाखाली आहे. स्वच्छ हवामानात जमिनीलगत दर मीटरला सुमारे १२० व्होल्ट एवढे, खालच्या दिशेने रोखलेले विद्युतक्षेत्र असते. पृथ्वीची त्रिज्या ६४ लाख मीटर घेऊन हिशेब केला, तर तिच्या पृष्ठभागावर सुमारे साडेपाच लाख कूलॉम ऋण प्रभार असल्याचे दिसते. पृथ्वी एकटी असती, तर या प्रभारामुळे तिचा विभव उणे ७७ कोटी व्होल्ट झाला असता. प्रत्यक्षात वातावरणाचा वरचा वाहक थर आणि जमीन यांच्यातला फरक अडीच लाख व्होल्टच्या आसपासच आहे. कारण जवळजवळ तेवढाच धन प्रभार हवेत, मुख्यतः खालच्या काही किलोमीटरांत, पृथ्वीला कवचासारखा वेढून आहे. हा सगळा धन प्रभार एकाच पातळ कवचात आणला, तर ते कवच जमिनीपासून फक्त दोन किलोमीटर वर बसेल. हवेतून एक हजार अँपिअरहून अधिक प्रवाह सतत झिरपत असतो. जगभरच्या गडगडाटी वादळांनी हा प्रभार पुन्हा भरून काढला नसता, तर तो दहा मिनिटांत संपत आला असता. अशा लाखो कूलॉम बाळगणाऱ्या पृथ्वीला आपण 'शून्य' म्हणतो. हा मोजणीसाठी आपण ठरवलेला शून्य आहे, समुद्रसपाटीसारखा.

वीज पडते तेव्हा

हा शून्य नेहमी शून्य राहतो असेही नाही आणि इथे प्रश्न परीक्षेतल्या गुणांचा राहत नाही. जून-जुलैत, नेमकी धानाच्या रोवणीच्या दिवसांत, विदर्भात विजा पडतात आणि माणसे व जनावरे दगावतात. वीज झाडावर पडली, तरी झाडापासून काही अंतरावर उभे असलेले बैल का मरतात?

विजेचा प्रवाह जमिनीत शिरल्यावर चारी बाजूंना आणि खाली पसरतो. जमीन जणू एकात एक बसवलेल्या अर्धगोल कवचांची बनलेली असावी, असे समजा. दूरचे कवच मोठे, म्हणून त्याचा रोध कमी. या सगळ्या कवचांची बेरीज केली, तर प्रभारित गोलाभोवती विभव जसा १/r ने उतरतो, तसाच तो इथेही उतरतो. समजा, प्रवाह ३०,००० अँपिअर आणि मातीची रोधकता १०० ओहम-मीटर आहे. मग वीज पडल्या जागेपासून १० मीटरवर जमिनीचा विभव क्षणभर सुमारे ४७,७०० व्होल्ट होतो आणि १०.५ मीटरवर ४५,५००. म्हणजे त्या दिशेने अर्धा मीटर पाऊल टाकलेल्या माणसाच्या दोन पायांत सुमारे २,३०० व्होल्टचा फरक! बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर धरले, तर हा फरक ६,२०० व्होल्ट होतो आणि प्रवाह त्याच्या छातीतून जातो. पाय जवळ घेऊन त्यांत १० सेंमी अंतर ठेवले, तर फरक ५०० व्होल्टच्या आत राहतो. प्राण घेतो तो शरीराच्या दोन टोकांमधला फरक. कोणाचा विभव किती, हे महत्त्वाचे नाही.

यावरून काय करावे हे स्पष्ट होते. गडगडाट ऐकू येताच बांधीतून निघून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. झाडाखाली उभे राहू नये, जनावरे झाडाला बांधू नयेत. काच लावलेली, धातूच्या छपराची मोटार किंवा एसटी बरीच सुरक्षित, कारण ती आपले पोकळ कवच आहे. वीज तिच्यावर पडून तिचा विभव लाखो व्होल्ट झाला, तरी आत सगळीकडे सपाट पठारच असते. उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा चार खांबांवरची टिनाची शेड यांना हा नियम लागू नाही. ती कवचे नव्हेत. आसरा मुळीच नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसावे. त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. तुटून पडलेल्या वीजतारेजवळही हेच गणित चालते, म्हणून तिच्याजवळ लांब पावले टाकत जाऊ नये. विजांची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे मोबाइल अॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे. ते गावातल्या एका तरी फोनवर असावे.

वर्गात करून पाहा

हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी तेलाचा उंच रिकामा डबा थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा. रेशमी दोऱ्याला लहान धातूची गोळी बांधून तिला प्रभार द्या. ती डब्याच्या आत, तळाजवळ टेकवा, न घासता बाहेर काढा आणि सुवर्णपत्र विद्युतदर्शीजवळ न्या. पाने हलणार नाहीत. आता पुन्हा प्रभार देऊन गोळी डब्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवा. या वेळी पाने फाकतील. एकदा गोळी रिती का होते आणि एकदा का होत नाही, हे मुलांना सांगू नका, विचारा.

नंतर फळ्यावर आमचा मूळ प्रश्न मांडा आणि त्यात एकच बदल करा : आतला गोल तसाच ठेवून बाहेरचे कवच जमिनीला जोडले आहे. कवचावर किती प्रभार उरेल आणि आतल्या गोलाचा विभव किती? उत्तर उणे १ नॅनोकूलॉम आणि ४५ व्होल्ट असे आले पाहिजे. आतला गोल आणि कवच यांच्यातला फरक पुन्हा ४५ व्होल्टच राहिला, हे एखाद्या विद्यार्थ्याच्या आपणहून ध्यानात आले, तर त्याला प्रभार आणि विभव यांतला भेद कळला असे खुशाल समजा.